बिजलीच्या टी-शर्टला माझा हात लागला

पत्र्यावर मारलेला रंग निघतो का, हे बघण्याचा मला पगार मिळतो.

वाळूजच्या एका कारखान्यात रंग मारणारे वेगळे, तो भट्टीत भाजून पक्का करणारे वेगळे आणि सगळं झाल्यावर तो ओरबाडून बघणारा मी वेगळा. माझ्या टेबलावर ब्लेड, पट्टी आणि चिकटपट्टीचं रीळ एवढीच अवजारं. रंगावर ब्लेडनं उभ्याआडव्या रेघा ओढून बारीक चौकडी पाडायची, तिच्यावर चिकटपट्टी दाबून बसवायची आणि खस्सकन ओढायची. रंग जागेवर राहिला तर माल पास. पट्टीला चिकटून आला तर रंगवाल्यांशी भांडण! ही सवय माझ्या हाडात इतकी मुरली आहे, की मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांची वाट बघताना मी त्यांच्या नव्या फ्रिजचा रंग नखानं खरवडून पाहिला होता. सासरे शेजारीच उभे होते. तरीही त्यांनी मुलगी दिली, याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे.

त्यांच्या मुलीला, म्हणजे सुनंदाला, आणि मला एक मुलगी आहे. तेजल. इंजिनिअरिंगला आहे आणि तिच्या कपाटात काळ्या टी-शर्टांखेरीज दुसरा कपडा नाही. प्रत्येकावर एकेक जपानी वळणाचं चित्र : उडते केस, ताटलीएवढे डोळे, हातात तलवार किंवा मांजर. याला कार्टून म्हणायचं नाही. मी एकदा म्हणालो होतो, तर दोन दिवस घरात माझ्याशी फक्त टीव्ही बोलत होता. याला ‘अ‍ॅनिमे’ म्हणायचं.

हे टी-शर्ट आमच्या घरात कसे राहतात ते सांगतो, म्हणजे माझा गुन्हा किती मोठा हे कळेल. ते मशीनमध्ये जात नाहीत. उलटे करून, गार पाण्यात, हलक्या हातानं धुतले जातात. ब्रश नाही, पिळणं नाही, ऊन नाही, चित्रावर इस्त्री तर नाहीच नाही. वाळले की चित्रावर घडी पडू नये म्हणून त्यांची सुरळी करायची. हे शेवटचं शास्त्र सुनंदाचं. ती पैठणी मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवते, वर्षातून दोनचारदा उघडून घडी बदलते, डांबरगोळी शंभर हात लांब ठेवते. तेजलनं ते पाहिलं आणि आईकडून जुन्या मलमली ओढणीचे तुकडे मागून घेतले. आता कपाटाच्या एकाच फळीवर डावीकडे माझ्या बायकोची पैठणी आणि उजवीकडे तलवारवाली जपानी मंडळी, दोघंही मलमलमध्ये झोपलेली असतात. माझे शर्ट दाराच्या खिळ्याला.

तर, तेजलची मैत्रीण आफरीन. शेजारच्याच घरात राहते, आमची गच्ची आणि त्यांची गच्ची यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत. दोघींनी मिळून ठरवलं की आपण स्वतःच टी-शर्ट छापून विकायचे. चित्र तेजलनं काढलं : देवगिरीच्या बुरुजावर उभी असलेली एक पोरगी, लांब वेणी, खांद्यावर शेला, हातात दांडपट्टा आणि डोळे इतके मोठे की कपाळाला जागाच उरलेली नाही. नाव बिजली. छपाईची शाई, तापमान, कापड सगळी खटपट आफरीननं केली. नमुना म्हणून एकच टी-शर्ट नीट जमला. एकच!

कॉलेजात अ‍ॅनिमेवाल्यांचा एक क्लब आहे. गॅदरिंगसाठी त्यांना सगळ्यांचे टी-शर्ट करायचे होते. पण क्लबची अध्यक्ष वैदेही नावाची मुलगी फार कडक. मागच्या वर्षी बाहेरून मागवलेल्या टी-शर्टांची चित्रं दुसऱ्या धुण्यातच पापड झाली होती. त्यामुळे तिनं या दोघींना सांगितलं, “नवा कोरा आणू नका. महिनाभर वापरलेला, धुतलेला आणा. चित्र टिकलं तर ऑर्डर तुमची, नाहीतर पुण्याहून मागवते.”

पोरींची पहिली ऑर्डर. तेजलनं महिनाभर बिजलीला घातलं, धुतलं, वाळवलं, मलमलमध्ये गुंडाळलं. सोमवारी दाखवायचा होता. शनिवारी घालून कॉलेजातून आली ती धुळीनं माखून. म्हणाली, “पप्पा, उद्या मी मम्मीसोबत बिडकीनला चाललेय, मावशीकडं डोहाळजेवण आहे. संध्याकाळी येऊन मीच धुते. तुम्ही हात लावू नका.”

“मी कशाला लावू?” मी म्हणालो. आणि हे मी अगदी मनापासून म्हणालो होतो!

रविवारी मायलेकी बिडकीनला गेल्या आणि नळाला पाणी आलं.

आमच्याकडे पाणी येणं ही काय चीज आहे, हे आमच्याकडच्यालाच कळेल. आठवडाभर वाट बघायला लावतं आणि येतं ते कुणाला न सांगता. ते सोमवारी येणार असा गल्लीचा अंदाज होता. मी धावत सुटलो. टाकी, पिंप, बादल्या, टोप, घागर, कुकर, सगळं भरलं. (फुलदाणीही भरली. मोहात माणूस काहीही करतो.) आणि मग एवढ्या पाण्याच्या मध्ये उभा असताना मला खुर्चीवर पडलेली बिजली दिसली.

मनात आलं, पोर दमून येईल, सकाळी तिला कॉलेज. आपण धुऊन ठेवला तर केवढी खूश होईल! कसा धुवायचा ते सगळं मला पाठ होतं. नुसता धुतला असता तर काहीच झालं नसतं. पण मी क्वालिटीचा माणूस. धुण्याआधी माल तपासायला नको?

मी चिकटपट्टी आणली. बिजलीच्या वेणीवर दाबून बसवली. खस्सकन ओढली. काही नाही! वेणी जागच्या जागी. मला इतका आनंद झाला की मी एकटाच “वा!” म्हणालो. पण नुसती चिकटपट्टी म्हणजे अर्धी तपासणी. खरी तपासणी चौकडीशिवाय होत नाही. उद्या त्या वैदेहीनं विचारलं तर पोरींकडे उत्तर हवं, की आमचा माल चौकडीतून पास झालाय! मी दाढीचं नवं ब्लेड काढलं, बिजलीच्या शेल्याच्या टोकावर, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, आखायची पट्टी लावली आणि उभ्या रेघा मारल्या. मग आडव्या. सुरेख हात चालला. इतक्या वर्षांचा सराव!

आता यात एक बारीकशी अडचण होती. पत्र्यावर ब्लेड मारलं की ते रंगातून जातं आणि खाली पत्रा लागला की थांबतं. टी-शर्टाला खाली पत्रा नसतो. पुढच्या बाजूखाली मागची बाजू असते. आणि मागच्या बाजूखाली आमच्या सासऱ्यांनी दिलेल्या डायनिंग टेबलचं रेक्झिन असतं. ब्लेड थांबलं ते तिथं!

मी टी-शर्ट उचलून उजेडात धरला. बिजलीच्या शेल्यातून मला आमची खिडकी दिसली. छान चौकडीत दिसली.

इथं शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. मी म्हटलं, निदान धुणं तरी असं करू की बाकीचं विसरायला होईल. कारखान्यात रंगाच्या आधी पत्रा सात टाक्यांतून फिरतो. एका टाकीत तेल काढायचं, पुढच्यात गंज काढायचा, मध्येमध्ये साध्या पाण्यानं खंगाळायचं, असं. मी बादल्या ओळीनं मांडल्या. पहिलीत साबण, दुसरीत पाणी, तिसरीत मीठ (रंग पक्का होतो असं कुठंतरी ऐकलं होतं), चौथीत पाणी, पाचवीत व्हिनेगर, सहावीत पाणी आणि सातवीत पुन्हा पाणी. पहिल्याच बादलीत टी-शर्टानं थोडा काळा रंग सोडला. मला वाटलं, पाणी काळं झालं, बदलावं. बदललं. मग दुसरी बदलली. मग सगळ्या. टाक्या ताज्या ठेवणं हा आमच्याकडे नियमच आहे! टी-शर्ट जेव्हा सातव्या बादलीतून बाहेर आला तेव्हा तो खरोखर स्वच्छ होता आणि घरात पाणी फक्त फुलदाणीत होतं.

यानंतर कारखान्यात माल भट्टीत जातो. मी टी-शर्ट गच्चीवर नेला. सावलीत वाळवायचा, हे मला माहीत होतं. पण सावलीत वाळायला संध्याकाळ झाली असती आणि मायलेकी यायच्या आत मला तो मलमलमध्ये घालून फळीवर ठेवायचा होता. उन्हाळ्याचे दिवस, गच्चीची फरशी तव्यासारखी. मी त्याला हँगरला टांगून, हँगर हातात धरून, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हळूहळू फिरवू लागलो. सगळीकडून सारखा शेक बसावा म्हणून.

भिंतीपलीकडून आवाज आला, “अंकल, ये क्या कर रै आप?”

आफरीन! वाळवणाच्या मिरच्या गोळा करायला आली होती.

“काही नाही बेटा. जरा फिरतोय.”

“टी-शर्ट लेके?”

“हां. त्यालाही जरा हवा.”

तिनं डोळे बारीक केले. “अंकल, वो अपनाच सॅम्पल है क्या?”

“छे छे! दुसराच!”

“उसके आरपार सूरज दिख रा मेरेकू!”

मी खाली पळालो. मागून “अंकल, धूप में नक्को! अंकल!” असं ऐकू येत होतं. पण आता थांबायचं म्हणजे तोंड दाखवायचं. टी-शर्ट अजून ओलसर होता. इस्त्री चित्रावर फिरवायची नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी अतिशय काळजीपूर्वक चित्र आणि इस्त्री यांच्यामध्ये वर्तमानपत्र घातलं. (सुती फडकं घालतात, हे मला नंतर चौघांनी वेगवेगळ्या आवाजात सांगितलं.) इस्त्री फिरवली. वाफ आली. कागद उचलायला गेलो. कागद उचलेना!

ओढला तेव्हा अर्धा आला. अर्धा बिजलीच्या तोंडावर राहिला. तिचे ते ताटलीएवढे डोळे गायब, आणि त्यांच्या जागी ठळक अक्षरांत : ‘पाहिजेत. अनुभवी वेल्डर. राहण्याची सोय. त्वरित भेटा.’ देवगिरीच्या बुरुजावर, हातात पट्टा घेऊन, ती पोरगी वेल्डर शोधत उभी होती.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

सुनंदा आधी मोरीत गेली. तिची किंकाळी आफरीनच्या घरापर्यंत गेली असणार.

“अहो! पाणी आलं होतं का?”

“आलं होतं.”

“मग भरलं नाय?”

“भरलं होतं.”

“मग गेलं कुठं? टाकी ठणठणाट, पिंप रिकामं, ह्या बादल्यांत हे काळं काय? कोळसे धुतले का काय तुम्ही? आठवडाभर आता काय करायचं? अंघोळी उसाच्या रसानं करायच्या का?”

“फुलदाणीत आहे थोडं,” मी म्हणालो. हे म्हणायला नको होतं.

तेजल मात्र मोरीकडे गेलीच नाही. ती इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होती. ती ओरडेल, आदळआपट करेल म्हणून मी जीव मुठीत धरून उभा होतो. तिनं टी-शर्ट उचलला, चौकडीतून तिचं बोट पलीकडे निघालं आणि ती खालच्या खाली बसली.

“पप्पा, ही एकच होती.”

एवढंच. पाणी परत येतं. पण महिनाभर वापरून धुतलेला, जपलेला नमुना एका रात्रीत कुठून येणार? माझ्या पोरीची पहिली ऑर्डर मी माझ्या हातानं कापली होती, तीही पट्टी लावून, सरळ रेषेत. मला तिच्याकडे बघवेना.

सुनंदा पदर खोचून आली, तिनं पाहिलं आणि पाण्याचं विसरली. “लई झालं तुमचं आज,” एवढंच म्हणाली आणि फुलदाणीतलं पाणी घेऊन आली. त्या पाण्यात फडकं भिजवून मायलेकी आणि नंतर भिंतीवरून उडी मारून आलेली आफरीन, तिघींनी मिळून वेल्डर बोटांनी हळूहळू चोळून काढले. खालून बिजलीचे डोळे निघाले. होते तसे! कानाखाली फक्त ‘त्वरित भेटा’ तेवढं राहिलं, ते काही केल्या निघेना.

“उद्या मी येतो कॉलेजात,” मी म्हणालो. “चूक माझी. त्या मुलीला मीच सांगतो.”

“नक्को अंकल,” आफरीन घाईनं म्हणाली. “आपण सांभाळून घेऊ.”

तेजलनं टी-शर्ट सावलीत वाळत घातला. मग म्हणाली, “येऊ दे त्यांना.”

का म्हणाली, मला अजून माहीत नाही. पण त्या तीन शब्दांबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी राहीन.

सोमवारी कॉलेजच्या कँटीनमध्ये वैदेही बसली होती. चष्मा, सरळ भांग, हाताची घडी. मला बघून उभी राहिली, “नमस्ते काका.” आजूबाजूला क्लबची दहाबारा पोरं. तेजलनं मलमल उलगडली, टी-शर्ट टेबलावर पसरला.

“हे भोक कसलंय?” वैदेहीनं विचारलं.

मी घसा खाकरला. रात्रभर माफी पाठ केली होती. पण तोंड उघडलं आणि वर्षानुवर्षांची सवय बाहेर पडली. “चिकटपट्टीची तपासणी, वेणीवर. रंग निघाला नाही,” मी म्हणालो. “मग चौकडीची. त्यात कापड गेलं, ती चूक माझी, पोरींची नाही. मग साबण, मीठ, व्हिनेगर, सात बादल्या. मग भर उन्हात गच्चीवर. मग ओल्यावर कडक इस्त्री, मध्ये वर्तमानपत्र. यातलं काहीही टी-शर्टाबरोबर करायचं नसतं. मी सगळं केलं. एकाच दिवशी.”

कुणीतरी फुसकन हसलं. वैदेही हसली नाही. तिनं चौकडीत बोट घातलं आणि कापलेली कड नखानं खरवडू लागली. (ही पोरगी आमच्या खात्यात हवी, माझ्या मनात आलं.)

“काका, कडेला रंग सुटला नाहीये.”

मी खाली वाकलो. आणि खरं सांगतो, आदल्या दिवशीच्या गोंधळात मी ज्यासाठी एवढं कापलं, तेच बघायचं राहून गेलं होतं! कापड कापलं गेलं होतं, पण एकाही चौकटीच्या कडेचा रंग उचललेला नव्हता. कुठंही पोपडा नाही, कुठंही तडा नाही.

“बाई गं!” मी म्हणालो. “आमच्या कारखान्यातल्या पंपाच्या झाकणाचा रंग सुटतो!”

आणि तेव्हा तेजल, जिचा मी आदल्या दिवशी सत्यानाश केला होता ती माझी पोर, ताठ मानेनं म्हणाली, “माझे पप्पा क्वालिटीत आहेत. रंग निघतो का, हेच बघतात ते. वाळूजला.”

ती हे अशा काही सुरात म्हणाली, की जणू मी कलेक्टर वगैरे असावा. मला चष्मा पुसावा लागला. आफरीननं लगेच टेबलावर हात ठेवला, “अब बोलो. ऐसी टेस्टिंग पुनावाले करते क्या?”

वैदेहीनं बिजलीकडे पाहिलं, कानाखालचं ‘त्वरित भेटा’ वाचलं आणि मग मात्र तिची हाताची घडी सुटली. इतकी हसली की चष्मा काढून ठेवावा लागला. “आमच्या होस्टेलच्या मशीनमध्येसुद्धा याहून वाईट काही होणार नाही,” ती म्हणाली. “ऑर्डर तुमची.”

घरी आल्यावर सुनंदानं साखर ठेवली पोरींच्या हातावर. मग माझ्याही ठेवली, जरा कमी. आठवडाभर आफरीनच्या आईनं आमच्या घरी पाण्याच्या कळश्या पाठवल्या आणि एकदाही ‘कायकू लगता इतना पानी’ असं विचारलं नाही. मी विचार करतो, एवढं सगळं केलं, तरी या चौघींपैकी एकीनंही मला घराबाहेर काढलं नाही. घरातल्या दोघींत तर फ्रिज खरवडणाऱ्याला मुलगी देणाऱ्या माणसाचं रक्त आहे! माणसानं नशीब काढावं तर असं.

टी-शर्ट छापून आले तेव्हा तेजल आणि आफरीन गठ्ठा घेऊन माझ्यासमोर आल्या. शेवटची तपासणी मीच करायची, असा दोघींचा हट्ट. ब्लेड आधीच लपवलेलं होतं. मी एकेक टी-शर्ट उलगडून बघितला. गळ्याच्या आत मागच्या बाजूला धुण्याच्या सूचनांचं छोटंसं लेबल शिवलं होतं. चष्मा लावून वाचलं : ‘गार पाण्यात, उलटा करून धुवा. सावलीत वाळवा. चित्रावर घडी घालू नका. वडिलांपासून लांब ठेवा.’

मी क्वालिटीचा माणूस. लेबल दोनदा नीट वाचलं, नखानं खरवडून पाहिलं, मजकुरात एकही चूक सापडली नाही. सगळा माल पास केला.